पालकाच्या सहीची जागा

वरचीवाडी,
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

सौ. अक्षयास,

आशीर्वाद आहेतच, दर वेळी लिहून कागद अडवत नाही. पिशवी पोचली. बाबू ड्रायव्हरने मुक्कामाची गाडी लावली आणि स्वतः दारात आणून दिली. डबे मिळाले. माझ्या घासण्यापेक्षा जास्त लखलखीत घासले होतेस. इतके घासले नसतेस तरी चाललं असतं, डबे माझेच आहेत.

पण कुळथाच्या पिठाच्या डब्यात, बुडाशी, चार घड्या घातलेला एक कागद निघाला. त्याला टाचलेली चिठ्ठी ऋत्विकच्या अक्षरातली. 'आई, फुली मारली आहे तिथे सही कर. सकाळच्या गाडीने पाठव. बाकी काकूला विचार.'

पासचा फॉर्म असो की शाळेचा, मी वाचल्याशिवाय सही करत नाही हे त्याला पहिलीपासून माहीत आहे. दहावी झालेली बाई आहे मी. वाचला. वर लिहिलंय, एच.आय.व्ही. तपासणी, अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकाची संमती. पुढे त्याचं नाव. वय सतरा. खाली पालकाच्या सहीची जागा, तिथे पेन्सिलीची फुली.

चूल विझून गेली तरी मी कागद हातात धरून बसले होते.

फोन न करता लिहिते, कारण स्पीकर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही आणि सासूबाई शेजारीच असतात. शिवाय रागात बोललेलं परत घेता येत नाही, कागद निदान फाडता येतो. हा तिसरा कागद आहे. ह्यांना मुंबईला काही कळवलेलं नाही. ते आधी हात उचलतील आणि मग विचारतील.

मला त्या रोगाच्या नावाने धडकी भरली हे खरं. पण त्याहून जास्त लागलं ते शेवटचं वाक्य. बाकी काकूला विचार. म्हणजे माझ्या मुलाचं काय झालं ते मी माझ्या धाकट्या जावेला विचारायचं.

दीड वर्ष झालं त्याला तुझ्याकडे ठेवून. आयटीआय तुमच्या घरापासून जवळ, म्हणून मीच दीपकभावोजींपुढे शब्द टाकला, विसरले नाही. पण मी मुलगा शिकायला ठेवला होता, द्यायला नव्हता ठेवला. दिवाळीला आला तेव्हा माझी आमटी पुढ्यात घेऊन म्हणाला, काकू यात लसूण ठेचून घालते. दुसऱ्या दिवशी मी लसूण ठेचून घातला. तेव्हा म्हणाला, हां, आता जवळपास झाली. जवळपास!

एवढंच सांग, त्याने काय केलंय? तुला माहीत आहे, म्हणूनच त्याने तसं लिहिलं. मार्गशीर्ष लागलाय म्हणून शपथ घालत नाही.

तोवर सही नाही.

तुळसा

—

रत्नागिरी,
गुरुवार, ५ डिसेंबर

ती. वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं. त्याने फॉर्म पिठाच्या डब्यात घातला हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला म्हटलं होतं, आईची सही आण आणि तोंडाने सांगून आण. त्याने तोंड तेवढं गाळलं.

घाबरू नका. त्यांच्या आयटीआयमध्ये मुलांसाठी एक कार्यक्रम चालू झालाय. एच.आय.व्ही. होऊ नये म्हणून काय करायचं, ते पोरांना शिकवतात. नबील सर म्हणून सरकारी दवाखान्याचे समुपदेशक येतात, हर्णेचे आहेत, वय तिशीच्या आत. मोटर मेकॅनिकच्या त्या दांडग्या पोरांशी ते निरोधापासून न्हाव्याच्या वस्तऱ्यापर्यंत सगळं सरळ बोलतात, आणि पोरं खाली न बघता ऐकतात म्हणे. ज्याला शंका असेल त्याने तपासून घ्यावं, असं सर सांगतात. सक्ती नाही. तपासतोय म्हणजे काही झालंच, असं नाही. आणि असलंच तर लवकर कळलेलं बरं. आता गोळ्या आहेत. रोज घेतल्या तर माणूस नोकरी करतो, लग्न करतो, म्हातारा होतो.

तुम्ही विचारलंत, त्याने काय केलं. वहिनी, पोरगा माझ्याशी विश्वासाने वागतो. विश्वासाची गोष्ट मी एस्टीच्या पिशवीत घालून पाठवणार नाही. तुम्हीही माझ्या जागी हेच केलं असतंत.

मुलगा मी ठेवून घेतलेला नाही. माझी सानवी आहे, तिच्या वेण्या घालता घालताच माझी सकाळ संपते. लसणाचं म्हणाल तर मी आमटीत लसूण घालते तो माझी आमटी तुमच्यासारखी होत नाही म्हणून.

सही करा. तो दोन आठवडे नीट जेवत नाही.

अक्षया

—

वरचीवाडी,
शुक्रवार, ६ डिसेंबर

अक्षया,

सर काय सांगतात ते मी विचारलं नव्हतं.

'विश्वास' हा शब्द तू दोनदा लिहिलास. एकदा लिहिला असतास तरी पोचला असता. त्याचा पहिला दात पडला तो मी कौलावर टाकला, कुठल्या कौलावर ते आजही दाखवीन. ताप चढायच्या आधी त्याचे कान गार होतात हे डॉक्टरांना मी सांगितलं होतं. असा मुलगा दोन आठवडे जेवत नाही, हे मला तुझ्या पत्रातून कळावं? आणि कारण तुला ठाऊक असून तू ते जपून ठेवावंस, दागिन्यासारखं?

आधी तू सांग. मग मी सही करते. फॉर्म महालक्ष्मीच्या पोथीत ठेवलाय, तिथून हलणार नाही.

या खेपेला आमसुलं पाठवत नाही. झाली नाहीत असं समज.

तुळसा

—

रत्नागिरी,
सोमवार, ९ डिसेंबर

ती. वहिनी,

आमसुलं झाली नाहीत असं समजले. मे महिन्यात तुमच्या अंगणात दोन सुपं वाळत होती, ती उलटीपालटी मीच केली होती. असो.

तुम्ही रागावलाच आहात, तर रागवायला खरं कारण देते.

नोव्हेंबरात पालकांची सभा होती. बोलावणं तुम्हाला होतं. काकड आरतीची समाप्ती आहे, तू जा, असं तुम्हीच कळवलंत. मी गेले. दारात वही होती, पालकाच्या रकान्यात मी सही केली. नबील सर म्हणाले, या, ऋत्विकच्या आई ना? मी 'काकू' असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. बसले जाऊन पुढच्या खुर्चीत. तासभर ते मला 'ऋत्विकच्या आई' म्हणत होते आणि मला ते गोड लागत होतं.

नंतर, महिनाअखेरीस, ऋत्विकने विचारलं, काकू, तपासणीला माझ्यासोबत येशील? गेले. सरांनी हा फॉर्म माझ्याच पुढे सरकवला. पेन हातात घेतलं होतं वहिनी. सही केली असती तर तुम्हाला कधी कळलंही नसतं. 'आईचं पूर्ण नाव' असं लिहिलं होतं तिथे हात थांबला. मग सांगितलं की मी काकू. सर म्हणाले, मग चालणार नाही, आईला आणा. ऋत्विक माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी त्याला फसवलं.

झालं. आता यावर हवं तितकं रागवा, पण सही अडवू नका.

सभेत त्या सरांनी एक छान गोष्ट केली होती. पोरांनी नाव न घालता प्रश्न लिहून एका पेटीत टाकले होते. आपल्या मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते आईबापांना कळावं म्हणून सरांनी त्यातले काही वाचून दाखवले. डास चावून होतो का. न्हाव्याला ब्लेड बदल म्हणायची लाज वाटते, काय करू. एकाने लिहिलं होतं, मेडिकलवाला आमच्या बाबांचा मित्र आहे, तर निरोध कुठून आणायचा? मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्माच काढून पुसायला घेतला, बहुतेक तेच मेडिकलवाले असावेत.

आणि एक तर फारच विचित्र होता. 'तो रोग असलेला माणूस घरी चहा पिऊन गेला, तर कप फोडावा लागतो का? आणि फोडला, तर कप फोडणाऱ्या माणसाशी नंतर कसं बोलायचं?' सगळे हसले. मीही हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, कप धुवायचा, बस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुम्हाला जरा हसू यावं म्हणून लिहिलं. पोरं काय काय विचारतात.

अक्षया

—

वरचीवाडी,
शनिवार, १४ डिसेंबर

चि. अक्षया,

तीन गाड्या गेल्या आणि माझं पत्र आलं नाही, म्हणून तू सहीच्या पेनावरून मी रागावले असं धरलं असशील. रागावले होतेच. पत्राचं पहिलं पान वाचेपर्यंत.

तो कप माझा होता.

काशीराम तुला आठवत नसेल, तुझ्या लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. आपल्याच वाडीच्या खालच्या आवाठातला, मुंबईला गिरणगावात कुठेतरी कामाला होता. सुकून परत आला. एक दिवस दवाखान्याचा कागद घेऊन आमच्या ओटीवर आला. वाडीत वाचणारे चार पुरुष होते, पण तो माझ्याकडे आला. वयनी, तू कुणाला सांगायची नाहीस, असं म्हणाला. मी कागद वाचून दाखवला. रोगाचं नाव मीच त्याला माझ्या तोंडाने सांगितलं. मग चहा दिला. तो पायऱ्या उतरून गेला, आणि मी तो कप मागीलदारी धुण्याच्या दगडावर आपटला. तुकडे केरसुणीने गोळा करून माडाच्या बुडाशी पुरले.

ऋत्विक आठ वर्षांचा होता. पडवीत बसून बघत होता. आई, कप चांगला होता ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तडा गेला होता. तडा नव्हता.

अक्षया, मी साडी फाटली की तिचं पायपुसणं करते आणि पायपुसणं फाटलं की पोतेरं. आमच्या घरात चांगली वस्तू फेकलेली त्या पोराने जन्मात पाहिली नव्हती. म्हणून ती एक त्याच्या डोक्यात राहिली असणार. मी काशीरामचं नाव कुणाला सांगितलं नाही, याचा मला आजवर अभिमान होता. दोन महिन्यांत तो गेला. मी त्याच्या घरी टेकायलाही गेले नाही.

ऋत्विक तुझ्याकडे ओढला जातो म्हणून मी जळत होते, अजूनही जळते, खोटं कशाला लिहू. पण तो माझ्यापासून लांब का गेला, ते इतकी वर्षं माझ्याच माडाखाली होतं.

परवा मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. पूजा आटपून प्रसाद घेतला आणि काशीरामच्या बायकोकडे, हौसाकडे गेले. नऊ वर्षांनी. तिलाही आहे तो रोग, ती दर महिन्याला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणते, हे सगळ्या वाडीला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. तब्येतीने माझ्याहून बरी आहे, शेत लावते, भारे आणते. मी दारात उभी. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "बस. चाय घेशील? माज्या घरची?"

घेतली. दोघींनी घेतली. पेला विसळायला उठले, तर तिने हातातून काढून घेतला. "ऱ्हावंदे," म्हणाली. "परत येशील तवा धुव."

तिला सगळं सांगितलं. आपल्या सासूबाईंना जे सांगता आलं नाही ते तिला सांगितलं. तिने एकच विचारलं, सही केलीस का? मी नाही म्हटलं. तेव्हा ती माझ्यावर ओरडली. कारण विचारत बसलीस तर पोरगा कारण लपवायच्या नादात तपासायचाच राहील, म्हणाली, आमच्या घरात तसंच झालं.

मंगळवारी सतरा तारखेला हौसाची गोळ्यांची तारीख आहे. तिच्यासोबत येते. कुठली खोली, कुठली खिडकी, तिला सगळं पाठ आहे. फॉर्म पोथीतून काढला आहे. त्याने काय केलं ते मी कुणालाच विचारणार नाही. तुलाही नाही. ऋत्विकला तेवढं सांगून ठेव.

आणि हे सांग की पेटीतला प्रश्न आईपर्यंत पोचला. कसं बोलायचं ते त्याने ठरवावं.

सोबत आमसुलं आहेत. झाली होती.

तुळसावहिनी

—

रत्नागिरी,
गुरुवार, १९ डिसेंबर

ती. वहिनी,

आमसुलं मिळाली. या वर्षीची जास्त काळी झालीत, चांगली आहेत.

तुम्ही मंगळवारी घरी न येता परस्पर दुपारच्या गाडीने गेलात. मी भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. सासूबाई एकट्या आहेत हे खरं, पण अर्ध्या तासात काही बिघडलं नसतं.

एक सांगते. मी आले होते. सानवीला शाळेतून घेतलं आणि दवाखान्याच्या फाटकाशी थांबले. तुम्ही दोघं आवारातल्या बाकावर बसला होता. तो बोलत होता. किती वेळ बोलत होता वहिनी! माझ्या घरात तो जेवताना तीन वाक्यं बोलतो आणि त्यातलं एक मीठ मागायचं असतं. तुम्ही नुसत्या चपलेकडे बघत होता. मग तुम्ही हात पुढे केलात. मला वाटलं, आता वाजवणार त्याच्या. तुम्ही त्याचा कान चाचपलात आणि पदराने डोळे पुसलेत. सानवी म्हणाली, मोठ्या काकूला हाक मारू? मी तिला ओढत रिक्षात बसवलं.

संध्याकाळी घरी आला तो पाच भाकऱ्या जेवला. पहिला रिपोर्ट चांगला आलाय, तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासायचं, मग खात्री, एवढं सांगितलं. मी विचारलं, आईला काय सांगितलंस रे इतकं? तोंड धुता धुता म्हणाला, बाकी आईला विचार.

तेव्हा आता खरं लिहिते. मला काहीच माहीत नव्हतं. त्याने मला कधीच काही सांगितलं नाही. सोबत येशील का, एवढंच विचारलं होतं, आणि मी 'हो' म्हटलं, कारण विचारलं नाही. तुम्ही पत्रात लिहिलंत की तुला माहीत आहे, आणि ते वाचून मला बरं वाटलं. कुणालातरी वाटतंय की तो मला सगळं सांगतो. ते मला खोडवेना. माझ्या त्या दोन ओळींमुळे तुमचे बारा दिवस कसे गेले असतील याचा विचार केला नाही. चुकले.

पण आता राहवत नाही. दीड वर्ष त्याच्या शर्टांचे ग्रीसचे डाग मी काढलेत. फाटकाबाहेर उभी राहून तुम्हाला बघताना मला काय झालं ते लिहीत नाही, तुम्हाला लिहायची गरज नाही, तुम्हाला ते चांगलं माहीत आहे.

सांगा ना वहिनी. काय झालं होतं?

अक्षया

—

वरचीवाडी,
रविवार, २२ डिसेंबर

चि. अक्षया,

नाही सांगणार.

तू खोटं वागलीस म्हणून नव्हे. बारा दिवस मी तुझ्या नावाने खडे फोडले, त्यातले निम्मे परत घेते, निम्मे राहू देत. पण त्याने कारण सांगितलं ते मी विचारलं नव्हतं म्हणून. गाडी यायला वेळ होता, हौसा गोळ्यांच्या रांगेत होती, आणि तो आपणहून म्हणाला, आई, तू चहा घेतेस का? आवाराबाहेरच्या टपरीवरून त्याने एकच कप आणला. अर्धा स्वतः प्यायला आणि माझ्या पुढे धरला. बघत होता माझ्याकडे. मी उरलेला प्याले. त्यानंतर तो बोलला. हे जे मिळालंय ते मी पिशवीत घालून पाठवणार नाही, हे तूच मला शिकवलंस. तो आपणहून सांगेल तेव्हा तू ऐक. एवढंच लिहिते, की ऐकून मी त्याचे कान बघितले, ते गरम होते.

खोलीतलं मात्र सांगते, ते तुझं आहे. सरांनी फॉर्म घेतला, नाव वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मग नोव्हेंबरात सभेला आल्या होत्या त्या कोण, असं विचारलं. ऋत्विक जमिनीत जायच्या बेतात. मी म्हटलं, "त्याही आईच. फॉर्मवर जागा एकच आहे, म्हणून मी आले." सर हसले. हे मी सरांपुढे म्हटलं, तू फार डोक्यात घेऊ नकोस.

सही मी पूर्ण नावाने केली.

आता ऐक. बावीस फेब्रुवारीला तो अठरा वर्षांचा होतो. दुसरी तपासणी मार्चमध्ये, शिमग्याची पालखी देवळात गेली की लगेच. तेव्हा सर सही त्याचीच घेणार. मी विचारून घेतलं. ना माझी लागणार, ना तुझी. आपण दोघी भांडलो त्या जागेवर तो आपलं नाव लिहील आणि एकटा आत जाईल.

तर आपण बाहेर बाकावर बसू. फाटकाशी उभी राहू नकोस, बाक लांब आहे. थर्मास मी आणते. कप तू आण, चांगले आण, काचेचे.

तीन आण. हौसा असेल.

तुळसावहिनी